हत्तीरोगाचे गणित

डासांचा समूळ नाश न करताही, त्यांची संख्या विशिष्ट मर्यादेखाली आणल्यास हिवताप ओसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी गणिताने दाखविले. तीच दृष्टी आज गडचिरोली-चंद्रपूरकडील हत्तीरोगास लावणे अगत्याचे आहे. हत्तीरोगाच्या सामूहिक औषधोपचाराच्या वार्षिक फेरीत लोकसंख्येपैकी किमान 65 टक्के लोकांनी औषध घेतल्याची नोंद दप्तरी झाली की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या अंमलदारांना गणिती प्रतिमाने बजावतात की, दरवर्षी तीच माणसे गोळ्या नाकारीत राहिली, तर त्यांच्या रक्तातील सूक्ष्म कृमी क्युलेक्स डासांमार्फत रोगाचा प्रसार चालूच ठेवू शकतात, आणि सरासरीचा आकडा हे सत्य झाकून टाकतो. गोळी हाती देणे आणि ती समक्ष गिळविणे, यांत महदंतर आहे. म्हणून आरोग्य खात्याने, एकदाही औषध न घेतलेल्यांची गावनिहाय स्वतंत्र नोंद ठेवावी आणि पुढच्या फेरीत प्रथम त्यांच्याच दारी जावे.