बक्षीस शर्यतीनंतर, खर्च शर्यतीपूर्वी

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचा विषय निघाला की महाराष्ट्राला खाशाबा जाधव आठवतात आणि ते उचितच आहे. परंतु त्याच भारतीय पथकात वांद्र्याची एक तरुणी होती, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. मेरी डिसूझा हे तिचे नाव. ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या स्त्री-क्रीडापटूंपैकी ती एक. शंभर आणि दोनशे मीटर या दोन्ही शर्यतींत ती धावली. प्राथमिक फेरीच्या पुढे तिला जाता आले नाही; तथापि तिची कारकीर्द त्या एका निकालावरून तोलणे अन्यायाचे होईल.

त्यापूर्वी १९५१ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिने दोनशे मीटरमध्ये कांस्य आणि चार गुणिले शंभर मीटर रिले शर्यतीत रौप्यपदक मिळविले होते. पुढे १९५४ साली मनिला येथे स्टेफी डिसूझा, ख्रिस्टीन ब्राउन आणि व्हायोलेट पीटर्स यांच्यासह तिने याच शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. शिवाय ती हॉकीतही देशाकडून खेळली. या कर्तृत्वाबद्दल तिला ध्यानचंद पुरस्कार लाभला तो २०१३ साली, म्हणजे हेलसिंकीनंतर एकसष्ट वर्षांनी!

अर्थशास्त्राच्या अध्यापकास या कथेत रस वाटतो तो तिच्या जमाखर्चामुळे. हेलसिंकीला जाण्यासाठी सरकारी तिजोरीतून पुरेसा पैसा मिळेना, तेव्हा स्नेही-सोबत्यांना निधी गोळा करावा लागला. खाशाबांची कथाही हीच. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांना मरणोत्तर मिळाला.

आज परिस्थिती पालटली आहे, असे कोणी म्हणेल. ते अंशतः खरे आहे. आंतरराष्ट्रीय पदक मिळविणाऱ्यास आता रोख बक्षीस मिळते, सरकारी नोकरी मिळते, मिरवणूकही निघते. २०२३ साली हांगचौ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत चार गुणिले चारशे मीटर रिलेचे रौप्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. परंतु प्रश्न असा की, हा पैसा धावपटूच्या आयुष्यात नेमका केव्हा येतो? तो येतो शर्यत जिंकल्यावर. आणि खर्च होतो तो त्यापूर्वीच्या आठ-दहा वर्षांत. या मधल्या काळाचा भार ज्या कुटुंबास पेलवत नाही, त्याची मुलगी शर्यतीच्या आरंभरेषेपर्यंतच पोहोचत नाही.

आमच्या मंगळवेढ्याचेच पाहा. काळ्या रानातल्या मैदानावर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा; फक्कीने आखलेली धावपट्टी पहिल्या सरीत वाहून जाते. माझी एक विद्यार्थिनी चांगली धावत असे. निवड चाचणीच्या दिवशी ती आली नाही. विचारले तेव्हा म्हणाली, "सर, खुरपणी चालू होती. दोन दिवसांचा रोज बुडाला असता." अर्थशास्त्रात ज्यास आम्ही संधिव्यय म्हणतो, तो तिने एका वाक्यात सांगितला. जाण्यायेण्याचे भाडे कोणी दिलेही असते. बुडालेला रोज कोणत्याही योजनेच्या हिशेबात धरलेला नव्हता.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्या तालुक्यातील गावांना पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, तेथे धावपट्टीची चैन कशाला? आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. म्हणूनच कृत्रिम धावपट्टीची मागणी मी करीत नाही. पाण्याचा निचरा होणारी मुरमाची एक पट्टी, एक जाणता प्रशिक्षक, आणि निवड चाचणीस येणाऱ्या गरीब मुलामुलींना प्रवासखर्चासह बुडालेल्या रोजाची भरपाई, एवढेच प्रत्येक तालुक्यास मिळावे. बक्षिसाच्या रकमेतील लहानसा वाटा जरी आधीच्या वर्षांकडे वळविला, तरी याचा आरंभ होऊ शकेल.

रिले शर्यतीचे एक वैशिष्ट्य आहे. चांगल्या संघाची एकूण वेळ ही चौघींच्या स्वतंत्र वेळांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. कारण दुसरीपासून पुढच्या तिघी दांडी हाती घेतात तेव्हा आधीच वेगात असतात. मात्र दांडी आखून दिलेल्या टप्प्यातच हातात पडावी लागते. तो ओलांडल्यावर दिली तर संघ बाद होतो. कुटुंब, शाळा, महाविद्यालय आणि शासन यांचीही अशीच रिले आहे. आपले शासन मात्र अंतिम रेषेपाशी हार घेऊन उभे राहते.

दामाजीपंतांनी कोठारे उघडली ती ऐन दुष्काळात, सुगीनंतर नव्हे. त्यांच्या धान्याची रक्कम विठ्ठलाने भरली, अशी आपली श्रद्धा आहे. पण अंदाजपत्रक श्रद्धेवर बेतता येत नाही; आणि प्रत्येक खाशाबाला खर्डेकर भेटतीलच असेही नाही. ज्वारीच्या रानात आज खुरपे धरून बसलेल्या मुलीच्या हाती दांडी वेळेवर पडावी, एवढी व्यवस्था करणे हे कोणा दात्याचे औदार्य नसून शासनाचे कर्तव्य आहे.