तडीपारी एकाची, फरफट घरादाराची



गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्याच्या पालावर येते. ही खोड जुनी आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत झाली. लेकरांना आईबापापासून तोडून वेगळं ठेवायचाही अधिकार सरकारनं घेतला. १९५२ ला कायदा गेला. नजर मात्र तीच राहिली.

आज हुसकावणी दोन वाटांनी होते. एक गावाची: पाणी बंद, किराणा बंद, 'उठा इथून'. दुसरी सरकारी: तडीपारी. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं. हुकूम एकाच्या नावाचा, शिक्षा सगळ्या घराला. बाप गेला की बाई एकटी पडते, पोरगं शाळा सोडतं, गायरानावरची पेर राहते. १९९१ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे गायरान नावावर व्हायचं तर १४ एप्रिल १९९० च्या आधीपासूनचा कब्जा दाखवावा लागतो. माणूसच हलवला तर कब्जा दाखवणार कोण? म्हणून घर मोडणं अन् जमीन जाणं, या दोन गोष्टी नाहीत, एकच आहे.

कुणी म्हणेल, गुन्हा केला तर सोडायचं का? सोडू नका. खटला चालवा, पुरावा आणा. पण एकाच्या संशयावरून अख्खी वस्ती उठवायची, हे कुठल्या कायद्यात बसतं?

संविधानाच्या कलम १९ नं देशात कुठंही राहायचा हक्क दिलाय, कलम २१ नं जगायचा. १९८५ ला मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की पोट भरायचं साधन हाही जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आदिवासीला जबरदस्तीनं घर-गाव सोडायला लावणं हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

मग करायचं काय? तडीपारीची नोटीस आली तर घाबरून पळू नका. आरोप काय ते लेखी मागा, म्हणणं लेखी द्या, पोच घ्या. हुकूम निघालाच तर ३० दिवसांत सरकारकडं अपील करा. रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेचा दाखला, दंडाची पावती एका पिशवीत जपून ठेवा. गावानं उठवलं तर त्याच दिवशी फिर्याद द्या.

आणि जंगलकाठच्या भावांनो, आज पाल उठलं, उद्या तुमचा पाडा आहे. पारध्याच्या मागं उभं राहा.