कोतवाल म्हणजे पोलीस नव्हे

जुना हुद्दा आला की त्यापुढे 'म्हणजे आजचा अमुक' असे लिहून मोकळे व्हायचे, ही युक्ती आपल्या इतिहासविषयक लिखाणात चांगलीच मुरली आहे. कोतवाल म्हणजे आजचा पोलीस आयुक्त, शेटे म्हणजे नगराध्यक्ष, महाजन म्हणजे सावकार, पेठ म्हणजे वॉर्ड. वाचकाला चटकन समजते, असा या मंडळींचा बचाव असतो. समजते खरे, पण चुकीचे समजते.

पेशवाईतल्या पुण्याचा कोतवाल गस्त ठेवी, रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्याला पकडी, हे कोणी नाकारत नाही. पण तेवढ्यावरून त्याला पोलीस ठरवणारे त्याची बाकीची कामे कुठे ठेवतात? बाजारभावावर नजर त्याची. शहराची खानेसुमारी त्याने करायची, घराजागांच्या खरेदीविक्रीची नोंद त्याने ठेवायची, गल्लीबोळांचे आणि घरांच्या हद्दींचे तंटे त्याने तोडायचे. आज ज्या कामांसाठी महापालिका, नोंदणी कार्यालय आणि कोर्ट अशा तीन ठिकाणी खेटे घालावे लागतात, त्यांतली बरीच एका चावडीत उरकत.

शिवाय दंडाची रक्कम कोतवालीच्या जमेत पडे. त्या काळच्या हिशेबात 'गुन्हेगारी' हा शब्द दंडाच्या रकमेसाठी येतो. आजच्या अर्थाने वाचणारा मात्र तो आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा समजून बसेल.

पकडणारा, दंड ठरवणारा आणि वसूल करणारा एकच असला की काय होते, हे घाशीराम सावळदासाने दाखवले. १७७७ पासून तो पुण्याचा कोतवाल होता. १७९१ मध्ये त्याच्या माणसांनी तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागेत डांबले, त्यातले बरेच जण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकानंतर तर कोतवाल म्हटले की हाच चेहरा डोळ्यांपुढे येतो. नाटक थोर आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण दोष एका माणसाच्या दुष्टपणावर ढकलला की त्या हुद्द्यात मुळात किती सत्ता कोंबली होती, ते पाहायचे राहून जाते. आणि अगदी अलीकडेपर्यंत गावोगावी असलेला कोतवाल? तो तलाठ्याच्या हाताखाली नोटिसा पोचवी. 'म्हणजे आजचा' म्हणणाऱ्यांनी या गरीब माणसाचे काय करायचे ते सांगावे.

शेटे-महाजनांची गत याहून वाईट. शेटे म्हणजे पेठेतला धनाढ्य व्यापारी, असा समज सर्रास दिसतो. वस्तुतः शेटेपण हे वतन होते. गावाला पाटील, तसा पेठेला शेटे. सरकारने कौल द्यायचा, काही वर्षे कर-जकातीत सूट द्यायची आणि शेट्याने वाणी-उदमी आणून पेठ वसवायची, असा तो व्यवहार. मोबदल्यात दुकानांवर आणि बाजारात येणाऱ्या मालावर त्याचे वंशपरंपरागत हक्क बसत. शेटे कफल्लक झाला तरी शेटेच राही. वतन भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई. नगराध्यक्षाची खुर्ची गहाण ठेवता येते का?

इथेच कोतवाल आणि शेटे यांच्यातला खरा फरक आहे. कोतवालाला सरकार नेमी आणि सरकारच काढी. शेट्याला असे सहज हलवता येत नसे, कारण त्याचा हक्क मिराशीचा. एकाच शहरात ही दोन प्रकारची सत्ता शेजारी शेजारी नांदत होती. त्यात पुणे मुळात कसबा. कसब्याला शेतजमीन होती आणि म्हणून पाटीलही होता, पुण्याचे झांबरे पाटील प्रसिद्धच आहेत. अशा गावाला आजच्या अर्थाने 'शहर' म्हटले की पाटील त्यातून बाहेर पडतो आणि 'खेडे' म्हटले तर पेठा.

महाजन या शब्दाने तर भल्याभल्यांना चकवले आहे. हिंदी मुलखात तो सावकार, गुजरातेत व्यापाऱ्यांचा संघ, आपल्याकडे पेठेचा वतनदार. गोव्यात देवस्थानाचे हक्कदार सभासद म्हणजे महाजन, आणि पोर्तुगीज सरकारने त्यांच्यासाठी १८८६ मध्ये नियमावली केली, ती १९३३ मध्ये नव्याने आली. एखाद्या कागदात महाजन दिसला की आधी तो कागद कुठला हे पाहावे लागते. हिंदी कादंबरी वाचून पुण्याच्या पेठेतला महाजन व्याजबट्टा करणारा ठरवणे म्हणजे शुद्ध आळस.

कोणी म्हणेल, सामान्य वाचकाला इतका तपशील कशाला? माझा अनुभव उलटा आहे. हुद्देदाराला नेमले कोणी, त्याचे पोट कशावर चाले, त्याचा हक्क पोराकडे जाई की नाही आणि त्याच्याविरुद्ध दाद कुणाकडे मागायची, एवढे सांगितले तर कोणताही वाचक तो हुद्दा नीट समजून घेतो. दोन वाक्ये जास्त लागतात, इतकेच. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी आणि जुन्या कागदांचे शब्दार्थ देणाऱ्या संपादकांनी ती दोन वाक्ये लिहावीत. तेवढी सवड नसेल तर कोतवाल, शेटे, महाजन हे शब्द जसेच्या तसे छापावेत आणि पुढचा 'म्हणजे' खोडून टाकावा.