ॲक्टिव्ह म्हणजे तयार नव्हे!

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे. पण जावाशी तुमचा संबंध नसला तरी वाचा, कारण मुद्दा शेवटी माणसांच्या सवयींचाच आहे.

ओएसजीआय हे जावातलं मॉड्युलर फ्रेमवर्क. त्याची अलायन्स मार्च १९९९ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी १ मेला परभणीतून वेगळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे दोघं एकाच बॅचचे! पुढे २००४ मध्ये इक्लिप्स ३.० त्यावर उभं राहिलं आणि ते घरोघरी (म्हणजे ऑफिसोऑफिसी) पोचलं.

यात प्रोग्रामचे तुकडे म्हणजे बंडल. एक बंडल आपली सर्व्हिस रजिस्ट्रीत नोंदवतं, दुसरं ती तिथून घेतं. कल्पना झकास आहे. गोची अशी की बंडल 'ॲक्टिव्ह' दिसतं तेव्हा त्याचा अर्थ इतकाच, की त्याला लागणारी पॅकेजेस मिळाली आणि ते सुरू झालं. आतला कॉम्पोनंट ज्या सर्व्हिसची वाट बघत बसलाय ती आली का, हे त्या शब्दात कुठेच नाही.

आमच्याकडे पूर्णा नदीवर वर येलदरी धरण, खाली सिद्धेश्वर. वसमतकडच्या शेतांना सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी. कालव्याचं गेट उघडलं म्हणजे पाणी आलंच असं तिथला शेतकरी कधी धरत नाही. तो आधी विचारतो, "येलदरीत किती आहे?" आम्ही इंजिनिअर लोक मात्र गेटकडे बघून भांडत बसतो.

एका प्रोजेक्टवर मी हे जवळून पाहिलंय. नवीन सर्व्हरवर बिलं जाईनात. बिलिंगचं बंडल ॲक्टिव्ह, नोटिफिकेशनचं ॲक्टिव्ह, मेलचंही ॲक्टिव्ह. दोन दिवस टीमा एकमेकींकडे बोट दाखवत होत्या आणि ज्युनिअर पोरं रात्री जागून सर्व्हर रीस्टार्ट करत होती. शेवटी एकाने कॉम्पोनंटची यादी काढली. बिलिंग नोटिफिकेशनसाठी अडलेलं, नोटिफिकेशन मेलसाठी, आणि मेल एका कॉन्फिगरेशन फाइलसाठी, जी नव्या सर्व्हरवर आलीच नव्हती. कोड सगळ्यांचाच बरोबर होता! शोधायला लागली दहा मिनिटं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बंडल सोडा, कॉम्पोनंट बघा. जो 'अनसॅटिस्फाइड' दिसेल त्याला विचारा, तुझं कोणावाचून अडलंय? मग त्याला विचारा, आणि असं वर वर चढत जा. साखळी फिरून पहिल्यापाशी आली तर दोघं एकमेकांची वाट बघत बसलेत, "पहले आप" चाललंय. आणि सर्व्हिस नोंदलेली असूनही मिळत नसेल, तर तोच इंटरफेस दोन बंडलांनी आपापल्या पोटात ठेवलाय का ते तपासा. नाव-आडनाव एकच, पण जावाच्या लेखी माणसं दोन.

आता माझं खरं भांडण. हे सगळं न करता लोक दोन पळवाटा काढतात. पहिली, स्टार्ट लेव्हल बदलून बंडल आधी-नंतर सुरू करायचे. आज चालतं, उद्या मशीन हळू झालं की पुन्हा तेच. ओएसजीआयमध्ये सर्व्हिस केव्हाही येते, केव्हाही जाते. क्रमावर भरवसा ठेवणं म्हणजे नुसतं नशीब.

दुसरी पळवाट जास्त वाईट. डिपेंडन्सी 'ऑप्शनल' करून टाकायची. कॉम्पोनंट लगेच हिरवा, मॅनेजर खूश. आणि तीन आठवड्यांनी नल पॉइंटर, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच नाही... बिल गेलंच नाही आणि कोणाला कळलंही नाही. ज्याच्यावाचून काम होणारच नाही ते ऑप्शनल म्हणणं हे सरळ खोटं बोलणं आहे, आणि ते सिस्टिमशी नाही, रात्री फोन उचलणाऱ्या पोराशी.

अडलेला कॉम्पोनंट निदान प्रामाणिक असतो. तो सांगतो, मला अमुक हवंय, ते नाही, म्हणून मी थांबलोय. स्टेटस मीटिंगमध्ये असं बोलणारा माणूस मात्र आपल्याला चालत नाही. तिथे सगळे ॲक्टिव्हच!

असो. सोमवारी कोणी "माझं मॉड्यूल चालू आहे" म्हणालं, तर एकच विचारा: चालू आहे ठीक, पण थांबलंय कोणासाठी?