रविवारखेरीजचे सहा दिवस

अहिल्यानगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाच्या सेवाकार्याचा विषय निघाला की बोलणारा बहुधा भूतकाळात शिरतो. आणि त्यात नवल नाही, कारण मिशनरी सिंथिया फॅरारबाईंनी नगरास चालविलेल्या ज्या मुलींच्या शाळा पाहून जोतिराव फुले यांचा स्त्रीशिक्षणाचा संकल्प बळावला, त्या शाळांचा, किंवा १८४२ साली याच शहरातून निघू लागलेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचा वारसा ज्यांच्याकडे आला, त्यांनी तो सांगू नये असे कोण म्हणेल? परंतु या वारशाचा एक विपरीत परिणाम असा झाला की, सेवा म्हणजे इमारत आणि परदेशातून येणारा पैसा ही समजूत ग्रामीण मंडळ्यांत रुजली, आणि तो ओघ आटल्यावर, पाळकाचा पगार देतादेताच मेटाकुटीस येणारी चाळीस कुटुंबांची मंडळी स्वतःस सेवेला अपात्र मानू लागली. मग नाताळच्या सुमारास ब्लँकेटे वाटायची, एखादे नेत्रतपासणी शिबिर भरवायचे, फलकासमोर छायाचित्र काढून घ्यायचे, आणि उरलेले वर्ष, रविवार वगळता, देवळाला कुलूप.

मला हे कुलूपच खटकते. लहानातल्या लहान मंडळीपाशीही पक्के छप्पर, दिवे, पाणी आणि सतरंज्या असतात. शिवाय शिक्षकी व परिचर्या हे व्यवसाय या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यामुळे दोन-चार निवृत्त गुरुजी आणि नर्सबाई सभासदांत हटकून निघतात. दिवाळीच्या आगेमागे श्रीरामपूर-राहुरीकडील शिवारांत ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात, मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता पहाटेच फडात उतरतो, आणि मागे उरते ती आठ-नऊ वर्षांची मुलगी, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. जिल्हा परिषदेची शाळा हाकेच्या अंतरावर असते, स्थलांतरित मुलांसाठी शासनाचे शिक्षण हमी पत्रकही असते. अडते ते फक्त कडेवरच्या भावाशी. त्याला सकाळपासून दुपारपर्यंत देवळाच्या सतरंजीवर कोणी सांभाळले, तर मंडळीला शाळा काढण्याची गरजच उरत नाही.

अशी अडचण व्यासपीठावरून दिसत नाही, ती विचारावी लागते. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले ते वैद्यक घेऊन. पण लोकांची पहिली निकड पाण्याची आणि अन्नाची आहे हे उमगताच त्यांनी कामाचा क्रम बदलला, आणि पुढे गावांनीच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्याला मिळाला, हे सर्वश्रुत आहे. लहान मंडळीने उचलावयाची गोष्ट म्हणजे पुरस्कारापूर्वीची ती विचारपूस.

तशी विचारपूस केली तर तालुक्याच्या कचेरीचे खेटे हे दुसरे गाऱ्हाणे बहुतेक वाडीवस्तीवर ऐकू येईल. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला, बँकेचे पुस्तक असा सरंजाम जुळवताना, जिच्या बोटांचे ठसे आयुष्यभर खुरपे धरून झिजले आणि म्हणून यंत्राला ओळखू येत नाहीत, त्या विधवेची जी त्रेधा उडते, ती आठवड्यातून एक सकाळ देवळात बसणाऱ्या निवृत्त कारकुनाच्या हाताने पुष्कळ कमी होईल. आणि या कामाला खर्च तो केवळ कागद-शाईचा.

आता अशा सेवेवर घेतल्या जाणाऱ्या धर्मांतराच्या संशयाविषयी. तो प्रामाणिक असो वा राजकीय, त्यावर रागावण्याने काही साधत नाही. सरपंच आणि मुख्याध्यापक यांना देखरेखीत घ्यावे, खर्चाची वही मागेल त्याला दाखवावी, आणि सेवेच्या वेळेत प्रार्थनेची सक्तीच काय, आमंत्रणही नसावे. कोणाला आपणहून यावेसे वाटले तर त्यासाठी रविवार आहेच. मदत घेणाऱ्याच्या मनात उपकाराची थकबाकी ठेवणारी सेवा ही सावकारीच होय, मग ती कोणत्याही धर्माच्या नावाने चालो.

पंचांच्या सभेत पहिली हरकत बहुधा सतरंज्या मळतील अशी निघेल. ती रीतसर नोंदवून घ्यावी, आणि शनिवारी त्या धुण्याची पाळी कोणाची, हेही त्याच सभेत ठरवून टाकावे.