टक्का नंतर ठरवा, आधी विचारा रिकामी सीट कुणाची

दोन धंदेवाले एकत्र आले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "फिफ्टी-फिफ्टी करू." मला हे वाक्य अजिबात पटत नाही. का, ते विमान कंपन्यांकडे बघून सांगतो.

पुण्याहून दिल्लीमार्गे फ्रँकफर्टचं तिकीट तुम्ही एअर इंडियाकडून घेतलं, पण दिल्लीहून पुढचं विमान लुफ्थान्साचं, असं होऊ शकतं. तिकिटावर नंबर एकाचा, विमान दुसऱ्याचं. याला कोडशेअर म्हणतात. गिऱ्हाईक पैसे एकालाच देतं. मग वाटणी कशी?

एक पद्धत फ्री सेल. विकणारी कंपनी दुसऱ्याच्या शिल्लक सीट विकते, कमिशन ठेवते, बाकी पैसे विमान उडवणाऱ्याचे. सीट खपली नाही तर विकणाऱ्याचं काही जात नाही. दुसरी हार्ड ब्लॉक. ठरावीक सीट आधीच ठोक भावात उचलायच्या. भरल्या तर वरचा नफा आपला, रिकाम्या गेल्या तरी पैसे द्यायचेच. सॉफ्ट ब्लॉक मधला : ठरलेल्या मुदतीपर्यंत सीट परत करता येतात. थोडक्यात, ज्याच्या गळ्यात रिकामी सीट, त्याला जास्त मार्जिन.

दोन टप्प्यांचं भाडं एकत्र असेल तर प्रोरेट लावतात. खास करार नसेल तर अंतर धरून वाटणी होते, पण सरळ किलोमीटर मोजत नाहीत. उड्डाण, उतरणं, विमानतळाचा खर्च छोट्या टप्प्यालाही लागतोच, म्हणून त्याला किलोमीटरमागे जास्त वजन देतात. (आपल्या होम डिलिव्हरीवाल्या पोराला हे लगेच कळेल!) आणि हिशेबासाठी आयाटा या संघटनेचं क्लिअरिंग हाऊस 1947 पासून आहे, एकमेकांची देणी-घेणी वजा करून फक्त फरक द्यायचा.

आता आपल्याकडे या. एखाद्या ताई घरी चकल्या करतात, तुम्ही दुकानात ठेवता. न खपलेला माल त्या परत नेणार असतील तर तुम्ही फ्री सेलवर आहात, कमिशनवर समाधान माना. रोखीनं माल उचललात तर विक्रीचा भाव तुम्ही ठरवा. पण आम्हा दुकानदारांना दोन्ही हवं असतं : मार्जिन हार्ड ब्लॉकचं आणि मऊ पडलेल्या चकल्या परत. वर पैसे "बघू पुढच्या महिन्यात". यात ताईंचं भांडवल अडकतं आणि चांगला माल देणारा माणूस धंदा सोडून देतो.

म्हणून माल ठेवण्याआधी कागदावर दोन ओळी लिहून घ्या : न खपलेला माल कुणाचा, आणि हिशेब कोणत्या वारी. टक्क्याचं बोलणं त्यानंतर.