ब्रेकमधील हवा आणि मालकाचे कर्तव्य
कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी जिवापाड जपणारे शौकीन रंगरंगोटीवर आणि क्रोमच्या झिलईवर मुक्तहस्ते खर्च करतात. परंतु व्हील सिलिंडर बदलल्यानंतर ब्रेकची हवा काढण्याच्या कामी जी हयगय होते, तिची दखल कोणी घेत नाही, हे मला अक्षम्य वाटते. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. नळीत हवा शिरली की तो जोर ती हवा दाबण्यातच व्यर्थ जातो आणि पेडल स्पंजासारखे खाली बसते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाने आरंभ करून, त्याच्या हवा काढण्याच्या निपलला जोडलेल्या पारदर्शक नळीचे टोक ब्रेक ऑइलात बुडवावे, साहाय्यकाने पेडल दाबून धरले असता निपल सैल करावा, आणि त्याने पाय उचलण्यापूर्वीच तो आवळावा. बुडबुडे सर्वस्वी थांबेपर्यंत हा क्रम चालला पाहिजे, व ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी एकदाही तळाला जाता कामा नये. बाहेर आलेले ऑइल पुन्हा वापरणे वर्ज्यच, कारण ते हवेतील आर्द्रता शोषते आणि घाटाच्या उतारावर ब्रेक तापले की त्याच पाण्याची वाफ होते. वाहनमालकांना माझी विनंती आहे की, बिल चुकते करण्यापूर्वी पेडल स्वतः दाबून पाहावे, आणि ते घट्ट लागेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नये.